कोच ब्रॅडॉकचा अभिषेक

मी नारिंगी कूलर बोलतोय, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी अजून रागात आहे. तुमच्याकडे उन्हाळ्यात खिडकीत बसून घरघरतो तो कूलर मी नव्हे. मी प्लास्टिकचं जाडजूड पिंप आहे. वर झाकण, खाली तोटी, पोटात बर्फाचं पाणी. अमेरिकेत कुठल्याही मैदानाच्या कडेला माझ्यासारखे ओळीनं बसलेले दिसतील. तहानलेला येतो, तोटी दाबतो, पाणी पितो आणि ग्लास तिथंच टाकून जातो. त्याचं मला काही वाटत नाही. माझं वैर फक्त एका माणसाशी आहे.

माझा जन्म कारखान्यातला. एकाच साच्यातून ढिगानं निघालेल्यांपैकी मी एक, त्यामुळे बालपणाचं कौतुक सांगत बसत नाही. २००४ साली टेक्ससमधल्या एका कॉलेजच्या फुटबॉल टीमनं मला घेतलं. तिथला फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात धरून पळायचं आणि एकमेकांना आडवं करायचं. चेंडू पायानं मारायचं काम किकरचं. बाकीचे धडका घेऊन चिखलात लोळतात आणि किकर कडेला पाय मोकळे करत उभा असतो, म्हणून त्याला कुणी खिजगणतीत धरत नाही.

टीमचा कोच होता ब्रॅडॉक. तांबडा चेहरा, टाचेचे बूट आणि तोंडात सदा च्युइंगगम. खेळाडूंच्या शर्टांवर पाठीमागे नावं असायची, ती त्यानं आल्या आल्या काढून टाकली. म्हणे, टीमला नाव असतं, पोरांना नंबर पुरतो. मॅच हातची जायला लागली की हा माणूस मला लाथ घालायचा. पोरं चुकायची, पंच चुकायचे, हा स्वतः चुकायचा, लाथ मात्र मला. तीन सीझन मी त्या बुटांचा मार खाल्ला.

तुम्ही म्हणाल, पिंप सूड घेऊन घेऊन घेणार तरी कसा. तर ऐका. या खेळात एक रीत आहे. मोठी मॅच जिंकली की दोन आडदांड पोरं मागून गुपचूप येतात आणि बर्फाच्या पाण्यानं भरलेला अख्खा कूलर कोचच्या डोक्यावर उपडा करतात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या पोटातला बर्फ खुळखुळला. पण गोम बघा. ब्रॅडॉकला भिजवायचं तर आधी तो जिंकायला हवा. ज्याचं वाटोळं व्हावं असं मला वाटायचं, त्याच्याच विजयासाठी मी मनातल्या मनात नवस बोलत बसायचो.

आता देवची ओळख करून देतो. देव वऱ्हाडपांडे, आमचा किकर. आईवडील मूळचे नागपूरचे, संजीव आणि सुलेखा, दोघंही कॉम्प्युटरमधले, घर डॅलसजवळच्या अर्विंगला. देव तिथंच जन्मला, वाढला. आमच्या मैदानावर मॅच असली की हे दोघं तीन तास गाडी चालवून यायचे आणि पहिल्या ओळीत, थेट आमच्या मागे बसायचे. सुलेखाला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती फक्त पोराकडे बघायची आणि फॉइलमध्ये गुंडाळलेली पोळीभाजी मांडीवर घेऊन बसायची. ब्रॅडॉकनं देवला कधी नावानं हाक मारली नाही. तो त्याला नुसतं ‘किकर’ म्हणायचा.

२००६ चा ऑक्टोबर. हाफटाइमच्या जरा आधी देवची किक खांबाला लागून बाहेर गेली. चुकली, कबूल आहे. ब्रॅडॉकनं आधी मला लाथ घातली, इतकी जोरात की तोटीजवळ मला चीर गेली. मग देवला म्हणाला, “किकर, याच्यावर बस. मैदानाकडे पाठ. त्या लोकांकडे तोंड कर.” अर्धी मॅच बाकी होती. ती संपेपर्यंत तो एकवीस वर्षांचा मुलगा माझ्यावर बसून होता, स्वतःच्या आईवडिलांच्या समोर. तो रडला नाही. 

सुलेखा उठून उभी राहिली. संजीवनं तिचा हात धरला.

“बस ना, सुलेखा. लोक बघतायत.”

“बघू दे. मी पण त्याला बघून ठेवतेय.”

त्या दिवसापासून त्याचे वैरी आम्ही दोघं झालो, ती आणि मी. तिला ते माहीत नव्हतं एवढंच. देवला त्यानंतर एकदाही खेळवलं नाही. त्याच्या जागी नवा किकर आला. देवचं हे कॉलेजचं शेवटचं वर्ष, म्हणजे ती चुकलेली किक आणि ते माझ्यावर बसणं, एवढ्यावरच त्याचा खेळ संपणार होता.

सीझन संपला की बऱ्या खेळलेल्या टीमना बोलावून एकेक मोठी मॅच ठेवतात, तिला बोल म्हणतात. बँड, मिरवणूक, टीव्ही, सगळा थाट. आम्हाला डॅलसजवळच्या मेस्कीट बोलचं आमंत्रण आलं. त्यातच बातमी फुटली की एका बड्या विद्यापीठाचा ब्रॅडॉकवर डोळा आहे, आणि ही मॅच जिंकली की ती नोकरी त्याच्या खिशात पडणार. अर्विंगहून मैदान जवळच, त्यामुळे वऱ्हाडपांडे नवराबायको सकाळीच येऊन बसले. देव खेळणार नव्हता. तरी आले.

त्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता, अंगाचं लाकूड करणारा. मला काठोकाठ बर्फानं भरलं. मॅच शेवटाला आली तेव्हा आम्ही दोन पॉइंटनं मागे होतो आणि नव्या किकरची मांडी भरून आली. त्याला खुरडत बाहेर आणलं. एक किक दोन खांबांमधून गेली की तीन पॉइंट, म्हणजे मॅच आमची. ब्रॅडॉकनं इकडे तिकडे पाहिलं, च्युइंगगम थुंकला आणि ओरडला, “किकर. तू.”

देव गेला. मी कधी नव्हे ते चिरेतून गळायचा थांबलो. चेंडू उडाला, वाऱ्यानं जरा वाकला आणि दोन खांबांच्या मधून गेला. आम्ही एका पॉइंटनं पुढे. मैदान दणाणलं. मागून चार दांडगे हात आले, मला उचललं आणि कोच ब्रॅडॉकच्या डोक्यावर पालथं केलं. तीन सीझनचा राग मी ओतला. मानेवरून, शर्टातून, थेट बुटांपर्यंत. झाकणसुद्धा त्याच्या कानशिलावर आपटलं.

आणि तो हसत होता. दोन्ही हात पसरून, डोळे मिटून, आहाहा करत. मला घेरीच आली. ज्याला मी सूड समजत होतो तो त्या माणसाचा अभिषेक निघाला. याच क्षणाची तो आयुष्यभर वाट बघत होता आणि तो मीच त्याला आणून दिला. इतका अपमान मला लाथेनंसुद्धा वाटला नव्हता.

पण आमची पोरं उतावळी. घड्याळात अजून काही सेकंद उरले होते. मॅच संपायच्या आधीच कोचला भिजवून सगळे नाचत मैदानात घुसले, म्हणून पंचांनी दंड केला आणि आम्हाला बरंच मागे ढकललं. पॉइंट मिळवले की चेंडू समोरच्यांना मारून द्यायचा असतो, तो आता तिथून मारायचा. देवनं मारला. त्यांच्या एका चपळ पोरानं तो झेलला आणि सुटला. एकाला चुकवलं, दोघांना चुकवलं. पुढे मोकळं रान, टोकाला पोचला की मॅच त्यांची, आणि मधे फक्त देव.

मी जमिनीवर आडवा पडून बघत होतो. माझ्या मनात पाप आलं, आणि ते मी लपवणार नाही. देव, पाय घसरू दे तुझा. हा भिजलेला, गारठलेला माणूस हरू दे. साऱ्या देशाला दिसू दे की विजयाचं पाणी अंगावर घेऊन हा हरला. तेवढ्यात पहिल्या ओळीतून मराठीत हाक आली.

“देव, जाऊ दे त्याला. सोड त्याला, बाळा.”

त्या अख्ख्या गर्दीत ती हाक तिघांनाच कळली. संजीवनं कपाळावर हात मारला. देवनं ती ऐकली, त्याची मान जराशी वळली त्यावरून सांगतो. आणि मग त्यानं त्या पळणाऱ्याच्या कमरेत उडी घातली आणि त्याला घेऊन पडला. मॅच संपली. आम्ही जिंकलो.

पोरानं माझा घास काढून घेतला, असंच मला तेव्हा वाटलं. टीव्हीची बाई माईक घेऊन धावत आली. ब्रॅडॉक दात वाजवत पुढे झाला आणि त्यानं देवच्या खांद्यावर हात टाकला. म्हणाला, “या मुलावर माझा पहिल्यापासून विश्वास होता.” बाईनं देवला विचारलं, “किकच्या आधी कोच तुला काय म्हणाले?”

देव शांतपणे म्हणाला, “ही सेड, किकर. ही डझन्ट नो माय नेम. यू कॅन आस्क हिम.”

तिला वाटलं गंमत चाललीय. हसत हसत तिनं माईक ब्रॅडॉकसमोर धरला. तो हसला. मग हसायचा थांबला. त्यानं हळूच मान वळवून देवच्या पाठीकडे पाहिलं. पाठीवर नुसता नंबर होता. कॅमेरा हलेना. केसांतून पाणी ठिबकतंय, ओठ निळे पडलेत, आणि ज्या पोरानं त्याला दोनदा जिंकून दिलं त्याचं नाव त्याला येत नाही. माझ्या पोटात टिपूस उरला नव्हता, पण मला भरून आलं.

सुलेखा पुढे कठड्यापाशी आली. “मी सोड म्हणत होते तुला. ऐकलं नाहीस का?”

“ऐकलं ना, आई. पण टीम माझी आहे. नॉट हिज.”

तिनं फॉइलमधली पोळीभाजी त्याच्या हातात दिली आणि स्वतःचा मफलर काढून त्याच्या गळ्यात गुंडाळला. मला चीर गेलेली म्हणून सामानवाले टाकून देणार होते. देवनं उचलून आईवडिलांच्या गाडीत ठेवलं.

ते दृश्य टीव्हीवर आठवडाभर फिरलं. कॉलेजचा कोच पोरं मिळवायला घरोघर जातो, आयांसमोर बसून गोड बोलतो, तुमचा मुलगा मला द्या म्हणतो. ज्याला पोरांची नावं माहीत नाहीत त्याला कोण आपलं पोर देणार? त्या बड्या विद्यापीठानं दुसरा माणूस घेतला.

गुढीपाडव्याच्या सुमारास एका शनिवारी ब्रॅडॉक अर्विंगला आला, बरोबर एक फोटोग्राफर. गॅरेजचं दार वर केलेलं होतं. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमासाठी सुलेखानं मला धुऊन मठ्ठ्यानं भरलं होतं, म्हणून सारं माझ्यासमोर घडलं. तो दारात उभा राहिला, टोपी काढली आणि नावाचं एकेक अक्षर नीट, कुठंही न अडखळता म्हणाला, “देव वऱ्हाडपांडे यांना भेटायचंय. मला माफी मागायचीय.”

सुलेखानं पदराला नव्हे, जीन्सला हात पुसले. “गुड. व्हेरी गुड प्रोनन्सिएशन,” ती म्हणाली. “तो घरी आहे. पण त्याचं तुमच्याशी काही काम नाही.” आणि तिनं भिंतीवरचं बटण दाबलं. दार सावकाश खाली आलं. तो बाहेर बराच वेळ उभा होता, त्याची सावली फटीतून दिसत होती. मग गाडीचा आवाज आला.

आता २००८ संपत आलंय. मी मंडळाच्या हळदीकुंकवाला, पिकनिकला जातो. तोटीजवळून मठ्ठा गळतो, खाली वाटी ठेवावी लागते. देव म्हणतो, लेट इट गो, आई. तो मोठ्या मनाचा आहे. सुलेखा आणि मी नाही. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्या हाताखाली कुणाचं पोर आलं, तर त्याचं नाव पहिल्याच दिवशी विचारून घ्या, नीट म्हणता येईपर्यंत म्हणा. त्याची आई पहिल्या ओळीत बसलेली असते.