पाणवठ्यावर वाजलेली झांज

मित्रांनो, आंबिवलीच्या राममंदिरात फडक्यात गुंडाळून ठेवलेली मी एक जुनी झांज आहे. कल्याणच्या कासारआळीत मी घडले आणि नवी असतानाच परशुरामबुवांच्या कीर्तनात आले. काय सांगू तुम्हाला त्या कीर्तनाची गोडी! बुवांनी आख्यान रंगवावं, नाथाने मला वाजवावं आणि माणसांनी डोळे पुसावेत. देवळामागच्या ओढ्यावर चितळं पाण्याला येत. रोज ऐकून ती माझ्या आवाजाला इतकी सरावली होती, की कान हलवत खुशाल पाणी पीत राहायची.

हा नाथा कीर्तनाखेरीज शिकाऱ्यांचा वाटाड्याही होता. पाण्यावर आलेल्या जनावराला मारायचं नाही आणि गाभणीला तर मुळीच नाही, असं तो प्रत्येक पाहुण्याला आधीच बजावायचा. त्याबद्दल त्याचं नाव होतं.

एकदा ठाण्याचे वकील त्र्यंबकराव बंदूक घेऊन आले. नाथाने माणसं लावून, डबे बडवून रानात हाका घातला. हरणं भलत्याच बाजूने निसटली. दुसऱ्या दिवशीही तेच.

"नाथा, तुझी हरणं सुट्टीवर गेली वाटतं," त्र्यंबकराव हसून म्हणाले. "पुढच्या खेपेला टिटवाळ्याचा वाटाड्या घेतो."

ते नाथाला फार लागलं. घासून आणतो, असं बुवांना सांगून त्याने मला नेलं आणि दिवस कलताना ओढ्याकाठी करवंदीच्या जाळीआड तो वकिलांना घेऊन बसला. मग त्याने मला वाजवलं. कीर्तनातलाच ठेका, तसाच हळुवार.

चितळं आली. पुढे एक जड पोटाची मादी होती. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता तडकावं, बेसूर व्हावं. पण धातूच्या हातात काय असतं?

नाथा कुजबुजला, "ती नको, रावसाहेब. पोटुशी हाय. मागच्या शिंगवाल्याला येऊ द्या."

"तू वाजवत राहा."

आणि मित्रांनो, तो वाजवत राहिला. बार झाला. माझ्याकडेच तोंड करून ती पडली. तिच्या पोटातलं पाडस नाथानेच बाहेर काढलं आणि पाल्याखाली झाकलं. असा वाटाड्या उभ्या मुंबई इलाख्यात मिळायचा नाही, म्हणून त्र्यंबकरावांनी त्याची पाठ थोपटली.

पुढच्या कीर्तनाला त्याने मला चिंच-राखेने लख्ख करून आणलं. बुवांनी ओढ्यावरचा माझा ठेका आणि मागोमागचा बार ऐकला होता. ते रागावले नाहीत, फक्त "वाजव" म्हणाले. पहिल्याच ठोक्याला ओढ्याकडून खुरांची पळापळ ऐकू आली. नाथाचा हात जागीच थांबला.

"त्यांना आता रामनामसुद्धा बंदुकीसारखं ऐकू येतंय, नाथा," बुवा म्हणाले, आणि त्यांनी मला त्याच्या हातून काढून घेतलं.

चितळं परत येतील म्हणून बुवा मरेपर्यंत झांजेवाचून गायले. ती आली नाहीत. नाथाचं मात्र बरं चाललं. लांबलांबचे शिकारी त्याचं नाव विचारत यायचे, आणि 'झांजेची ती युक्ती कर' म्हणायचे. दुसरी झांज काय, बाजारात मिळतेच.

मित्रांनो, तुमच्या आवाजावर भरवसा ठेवून कुणी जवळ आलं, तर त्याला जपा. तेवढं जमत नसेल, तर निदान देवाचं नाव घेऊन त्याला बोलावू नका.