दादाची जीभ

बचनागाचं मूळ म्हणजे विषच. पण तेच मूळ पातळ कापून, पाणी बदलत चार तास उकळलं की विष उतरतं आणि सांधेदुखीचं औषध होतं. उतरलं की नाही, हे आमच्या कारखान्यात एकच माणूस सांगायचा, माझा थोरला भाऊ. उकळलेला तुकडा जिभेच्या टोकावर ठेवायचा आणि मनात शंभर मोजायचे. जीभ चुरचुरली तर पातेलं पुन्हा शेगडीवर. तीस वर्षं हेच. बाजारात त्याला कुणी नावानं ओळखत नाही, सगळे 'जीभ' म्हणतात, आणि त्याला त्याचा कोण अभिमान!

कारखाना कसला, घरामागची पत्र्याची खोली, दोन शेगड्या, चार पातेली. कापायचं काम माझं. त्या आठवड्यात माझं मनगट लचकलं होतं, पातळ चकत्या काही होईनात. वैतागून मी बोटाएवढे जाड तुकडे केले. म्हटलं, आत कच्चं राहिलंच तर दादाची जीभ आहेच की. माझ्या अकलेचे दिवे, दुसरं काय!

दादानं चाखलं. "उतरलंय. काढा लाव."

काढा झाला की पहिला पेला वहिनीचा. वर्षभर ती गुडघे दुखतात म्हणत होती. ती प्यायल्यावर एक दिवस जाईपर्यंत बाटल्या भरायच्या नाहीत, असा तिचा हट्ट. "आधी मला गुण येऊ दे, मग लोकांना द्या," म्हणायची. मी चिडवायचे, "राणीसाहेबांचा पहिला मान!" ती नुसती हसायची.

त्या दिवशी पेला संपवून ती कपडे वाळत घालायला गेली आणि अर्ध्या तासात दोरीखालीच मटकन बसली. ओठ बधिर, हात बधिर, काळीज धडधडतंय. शेजाऱ्याच्या गाडीत घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई ओरडल्या, "काय दिलंत यांना?"

"मी स्वतः चाखलंय," दादा ताडकन म्हणाला. "त्यात काही नाही."

तो कागद भरायला गेला तशी वहिनीनं माझा हात ओढला. शब्द जड झाले होते.

"वन्सं, बाटल्या भरू नका. यांच्या जिभेला ना चव कळत, ना चुरचुर. वर्ष झालं. बिनसाखरेचा चहा गोड म्हणून प्यायले. म्हणून मी आधी..." पुढचं तिला बोलवेना. मग म्हणाली, "त्यांना नका सांगू. खचतील हो."

मी मान हलवली. संध्याकाळी वहिनी गेली.

चौथ्या दिवशी दादा कारखान्यात आला. पातेल्यातले उरलेले तुकडे मी झाकून ठेवले होते. त्याच सकाळी एक जिभेला लावून बघितला होता, तर दहा मोजायच्या आत माझी जीभ मेली होती. दादानं झाकण काढलं, एक तुकडा जिभेवर ठेवला आणि सावकाश शंभर मोजले.

"बघ, उतरलंय. तिला दुसरंच काहीतरी झालं असणार. बाटल्या भर. चाळीस जण थांबलेत."

माझं डोकंच फिरलं. वहिनीला दिलेला शब्द गेला चुलीत. मी त्याच्या हातून तुकडा हिसकावून फेकला, त्याला चूळ भरायला लावली आणि स्वयंपाकघरातून चमचा भरून आणला.

"डोळे मिट. जीभ काढ. काय आहे सांग."

त्यानं बराच वेळ घेतला.

"साखर," तो म्हणाला. म्हणाला कसला, मलाच विचारत होता.

मी मिठाचा डबा त्याच्यापुढे ठेवला. त्यानं डबा उघडून पाहिला. मग खाली बसला.

"तुकडे मी जाड कापले, दादा," मी म्हटलं. मला रडू आवरेना.

"हिला माहीत होतं? माझ्या जिभेचं?"

"होतं."

"मग प्यायली कशाला? गुडघ्यांसाठी जिवावर उदार झाली?"

"वहिनीचे गुडघे कधी दुखलेच नव्हते, दादा."