मंडळात पोलिश सरदार

शॉमबर्गच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीत वेशभूषा स्पर्धा असते. मुलगे झाडून सगळे शिवाजी महाराज, मुली जिजाऊ. माझ्या अनिकाने मात्र जाहीर केलं, "आय वॉन्ट टु बी खोत्किएविच."

"हा कोण आता?" मी विचारलं.

चारशे वर्षांपूर्वीचा पोलिश सरदार. शाळा सुटल्यावर अनिका शेजारच्या पोलिश मारेक आजोबांकडे असते, त्यांच्याकडून तिला हे खूळ लागलं. म्हणे मूठभर घोडेस्वार घेऊन त्याने स्वीडनच्या मोठ्या फौजेचा धुव्वा उडवला. स्वारांच्या पाठीला पिसांचे पंख. साठीला आल्यावर दुसरं लग्न केलं, लगेच पुन्हा लढाईवर गेला आणि वेढा पडलेल्या किल्ल्यातच वारला.

"साठीला कसलं लग्न करतो मेला," मी म्हणाले. पण गडी मला आवडला होता.

काळजी वेगळीच होती. गेल्या वर्षी जिजाऊ झालेल्या अनिकाची माइकसमोर दातखीळ बसली आणि ती रडत विंगेत पळाली. तेव्हापासून काकूमंडळी विचारतात, "आता बोलते का गं ती?" माझं डोकंच फिरतं. यंदाही तसंच झालं असतं, तर पोरीने पुन्हा स्टेजचं नाव काढलं नसतं.

यतीनने मखराच्या उरलेल्या थर्माकोलचे पंख कापले, मी पिसं चिकटवली. नवराबायकोत भांडण न होता झालेलं आमच्या घरातलं हे पहिलंच काम.

स्पर्धेच्या दिवशी सूत्रसंचालन करणाऱ्या शुभाकाकूंनी नाव पुकारलं. अनिका माइकपर्यंत गेली, तिने भरलेल्या हॉलकडे बघितलं आणि तिचे ओठ थरथरायला लागले. ती वळली, थेट विंगेकडे पळत आली. "अगंबाई, परत तेच," पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

मी विंगेतच उभी होते. तिला जवळ ओढावंसं वाटत होतं, पण कसं कोण जाणे, मी हात पुढे केला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग गर्रकन वळली आणि पंख हलवत माइककडे धावली.

"स्वीडनच्या फौजेसमोरून मी असाच पळालो होतो," ती चक्क मराठीत म्हणाली. "त्यांना वाटलं, जिंकलो. ते टेकडी उतरून खाली आले, आणि मी वळलो."

हॉल हसला, मग टाळ्या. त्यानंतर ती इतकं बोलली की शुभाकाकूंना घंटा वाजवावी लागली.

गाडीत मी हळूच विचारलं, "खरंच घाबरली होतीस ना?"

"हो," अनिका म्हणाली. "तो पण घाबरला असेल, आई. कोणाला सांगितलं नसेल."