पेद्रासचा अर्धा बँड

पेद्रास गावचा बँड जासिंतोच्या आज्यानं उभा केला. आजा तरुणपणी अमेरिकन जहाजावर देवमाशांच्या शिकारीला गेला होता. परत आला तो पोचे पडलेला एक कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी तुतारी, आणि लंगडा पाय घेऊन. लंगड्या माणसानं चालत वाजवायचा बँड काढावा, याचं गावाला हसू आलं होतं. पण पुढच्याच सणाला मिरवणुकीच्या पुढे गावची पोरं टोप्या घालून चालली. त्या सगळ्यांची चाल थोडी लंगडी होती, असं शेजारच्या गावचे लोक पुढं कित्येक वर्षं म्हणत राहिले.

अटलांटिक महासागरातल्या फायाल या पोर्तुगीज बेटावर गाव तिथं बँड होता. पेद्रासच्या बँडमधले निम्मे वादक देवमाशांच्या होड्यांवर वल्ही मारणारे. भर मिरवणुकीत टेहळणीवरून देवमासा दिसल्याचा दारूचा बाण उडाला, की ते हातातली वाद्यं रस्त्याकडेच्या दगडी कुंपणावर ठेवायचे आणि समुद्राकडे धूम ठोकायचे. पाद्री तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे, बायका वाद्यं सांभाळायच्या, आणि उरलेला बँड जमेल तसा पुढं वाजत राहायचा. संध्याकाळी होड्या परतल्या, की माणसं तशीच खाऱ्या ओल्या कपड्यांत येऊन राहिलेली धून पुरी करायची.

जासिंतो या बँडचा मास्तर. हाडानं आडवा, बोलायला थोडका. तो स्वतः बोंबार्दिनो वाजवायचा. पोटाशी धरायचं हे पितळी वाद्य, आवाज जाड आणि मऊ. मुख्य चाल त्याच्या वाट्याला क्वचितच येई. ती क्लॅरिनेटची, आणि पहिला क्लॅरिनेट वाजवायचा त्याचा एकुलता एक मुलगा विर्जिलियो. जासिंतोची बायको पाल्मिरा सगळ्यांचे गणवेश शिवायची. कुणाचा कुठला खांदा खाली आहे, कुणाचं पोट सुटायला लागलंय, हे तिला माप न घेता कळे.

मग एका सप्टेंबरात बेटाच्या पश्चिम टोकापाशी समुद्र उकळायला लागला. पाण्यातून ज्वालामुखी वर आला आणि वर्षभर राख ओकत राहिला. मक्याची शेतं गाडली गेली, छपरं खचली, गाईंना तोंड लावायला हिरवं पातं उरलं नाही. पाल्मिरा रोज सकाळी गणवेश झटकायची आणि खोकत आत यायची. अमेरिकेनं बेटावरच्या लोकांना यायची परवानगी दिली, तशी घरं एकामागून एक बंद होऊ लागली. जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला बँड वेशीपर्यंत वाजवत पोचवायचा. पण जाणाऱ्यांत वादकही होते. दर खेपेला रांग आखूड होत गेली.

शेवटी विर्जिलियोची परवानगी आली. बायको आणि दोन मुली घेऊन तो अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डला निघायचा होता. जायच्या आधी त्यानं बँडच्या खोलीत सभा बोलावली. गावचे बरेच वादक तिकडे एकाच मोहल्ल्यात राहतात, गिरण्यांत राबतात, आणि त्यांच्याकडे वाजवायला काही नाही, असं त्यानं सांगितलं. इथली वाद्यं न्यायची त्याची इच्छा होती. सगळ्यांनी जासिंतोकडे पाहिलं. तो म्हणाला, वाद्यं गावची आहेत, ती कुठंही जाणार नाहीत.

"बाबा, भिंतीला टांगून ती कुणासाठी ठेवायची?" विर्जिलियोनं विचारलं.

"गावासाठी."

"गाव तिकडं गेलंय. इथं नुसती जमीन राहिलीय, तीही राखेखाली."

"मग तिकडं नवी घ्या. अमेरिकेत पितळ मिळत नाही की काय?"

विर्जिलियोनं टोपी उचलली आणि तो बाहेर पडला. त्यानंतर बापलेक एका टेबलावर जेवत, पण मिठाची वाटीसुद्धा पाल्मिराच्या हातून इकडची तिकडे जाई. शेवटी एका दुपारी रताळी सोलता सोलता तिनं विषय काढला.

"वाद्यं अडवलीस म्हणून पोरगा थोडाच राहणार आहे?"

जासिंतो वाकून सालं गोळा करू लागला.

"त्याला रागात पाठवू नकोस, जासिंतो. इतक्या लांब गेलेला राग काढायला आपल्यापैकी कोण जाणार?"

दुसऱ्या दिवशी जासिंतोनं बँडची खोली उघडली आणि एकेक वाद्य खाली काढलं. राखेनं सगळ्यांच्या कळा जाम झाल्या होत्या. तो तेल आणि चिंधी घेऊन बसला. पाल्मिरानं जुन्या गोधड्या फाडून दिल्या, त्यांत वाद्यं गुंडाळून खोक्यांत भरली. आपला बोंबार्दिनो आणि गावात उरलेल्या दोघा वादकांची वाद्यं, म्हाताऱ्या आमारोचा ट्रम्पेट आणि एवारिस्तोचा मोठा ढोल, तेवढी त्यानं मागं ठेवली.

ओर्ता बंदराच्या धक्क्यावर विर्जिलियोनं वाकून बापाचा हात ओठांना लावला आणि आशीर्वाद मागितला. जासिंतोनं तो दिला, पण त्याचं लक्ष खोक्यांच्या दोरांकडे होतं. गाठी सैल आहेत म्हणून तो पुन्हा पुन्हा वाकून त्या आवळत राहिला. जहाज खाडीबाहेर पडल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की पोराच्या तोंडाकडे आपण धड पाहिलंच नाही. परतीच्या गाडीत त्यानं हे पाल्मिराला सांगितलं. तिनं त्याचा हात आपल्या शालीखाली ओढून घेतला.

पुढच्या हिवाळ्यात पाल्मिराचा खोकला छातीत उतरला. डॉक्टर आले, गेले. फेब्रुवारीत, बाहेर समुद्राकडून वारं घोंघावत असताना ती गेली. विर्जिलियोला तार केली. पण तो आला असता तरी कबरीपाशीच पोचला असता.

बँडवाल्याच्या घरातलं माणूस गेलं, की बँडनं त्याच्या अंत्ययात्रेपुढे शोकधून वाजवत चालायचं, हा आज्याच्या काळापासूनचा रिवाज होता. पाद्री हळूच म्हणाले, घंटा वाजते आहे, तेवढी पुरे, कुणी नावं ठेवणार नाही.  पाल्मिरानंच शिवलेला गणवेश घालून जासिंतो दारात उभा राहिला. एवारिस्तो ढोल घेऊन आला, आमारो ट्रम्पेट घेऊन.

आमारोचे दात केव्हाच गेले होते. गारठ्यात त्याचे ओठ पितळाला धरेनात. पहिल्या वळणापर्यंत त्यानं चाल कशीबशी ओढली, मग सूर फुटला. तो ट्रम्पेट काखेत धरून रडत नुसता चालू लागला.

आता ढोल आणि बोंबार्दिनो एवढेच उरले. जासिंतोला क्लॅरिनेटची चाल पाठ होती, तो ती वाजवू शकला असता. त्यानं वाजवली नाही. आपल्या वाट्याचं वाजवून झालं, की तो वाद्य खाली घ्यायचा, क्लॅरिनेटच्या जागा मनात मोजायचा, आणि आपली पाळी आली की पुन्हा ओठांना लावायचा. मधल्या वेळात राखेवरच्या बुटांची खरखर आणि वारा, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मागून चालणारी माणसं थोडी. पण त्यांनीही ही धून लहानपणापासून ऐकलेली, त्यामुळे कुणी घाई केली नाही. जासिंतोला एकदाच वाटलं, की क्लॅरिनेट उशिरा येतोय. त्यानं सवयीनं मान डावीकडे वळवली. तिथं कुंपण होतं.

माती लोटून झाल्यावर सगळे पांगले. एवारिस्तो तेवढा मागं रेंगाळला, मग तोही गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जासिंतो गाईची धार काढून आला, तर एवारिस्तो पायरीवर बसला होता. हातातली टोपी गोल गोल फिरवत त्यानं सांगितलं, की त्याचीही अमेरिकेची परवानगी आलीय. आठवडा झाला. पाल्मिरा अंथरुणावर होती म्हणून त्याला बोलवेना.

"कधी निघायचंय?" जासिंतोनं विचारलं.

"मंगळवारी."

जासिंतोनं दुधाची बादली खाली ठेवली. "खाऊन आलास का काही?" त्यानं विचारलं. एवारिस्तोनं नकारार्थी मान हलवली. जासिंतो आत गेला आणि पाल्मिरा मक्याचा पाव कुठल्या फडक्यात बांधून ठेवायची ते शोधू लागला.