तक्रार हवी आहे

परवावर तपासणी आली होती आणि तक्रारपेटीत एकही तक्रार नव्हती. ताईने पेटी उलटी करून हलवली, तेव्हा आतून एक टाचणी तेवढी पडली.

शिवणकामाच्या त्या कारखान्यात चौदा मशिनं होती आणि त्यातल्या बारांवर एकाच विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे कोट शिवले जात. माल पुरवणाऱ्यांसाठी कंपनीची तेवीस पानांची नियमावली होती. लहान मुलांना कामाला लावू नये, कोणाची कागदपत्रं अडकवून ठेवू नयेत, दाराला बाहेरून कुलूप घालू नये. हे सगळं इथे ठाकठीक होतं. घोडं अडलं होतं ते शेवटच्या नियमापाशी. कामगाराला मालकाविरुद्ध बोलता आलं पाहिजे. कंपनीच्या मते जिथे वर्षभरात एकही तक्रार होत नाही तिथली माणसं सुखी नसतात, घाबरलेली असतात. तसा शेरा बसला की काम दुसऱ्या कारखान्याला जाई.

ताईचे वडील कारखाना चालवत होते तोवर ही अडचण कधी आली नाही. त्यांना शिवणाऱ्या सगळ्या बायका मास्तर म्हणत आणि तपासणीच्या आठवड्यात मास्तर स्वतःच कोऱ्या चिठ्ठ्या वाटत. "खरं लिहा. खोटं लिहिलंत तर अक्षरावरून पकडीन." बायका त्या दिवसाची वर्षभर वाट बघत आणि मनसोक्त लिहीत. मास्तर माप चुकीचं घेतात आणि शिव्या टेपला देतात. मास्तर गातात, आणि आम्हाला पळून जायला जागा नाही. टेपच्या तक्रारीवर मास्तरांनी सगळ्यांसमोर टेपची माफी मागितली होती.

चार महिन्यांपूर्वी मास्तर गेले. अकरा वर्षं ग्रंथालयात काढलेली त्यांची मुलगी नोकरी सोडून त्यांच्या टेबलाशी येऊन बसली. आता चिठ्ठ्या वाटायची पाळी तिची होती.

"काहीतरी असेलच ना माझ्याबद्दल? लिहा की," ताई म्हणाली.

"तुमच्याबद्दल?" बटणवाली म्हणाली. "जीभ झडेल, ताई."

"पेनाने लिहायचंय."

"मग हात झडेल."

कापड कापणाऱ्या मावशी सगळ्यांत वडीलधाऱ्या. ताई फ्रॉकात होती तेव्हापासून त्या तिला ओळखत होत्या. "बाप जाऊन चारच महिने झाले आणि पोरीच्या मागे तक्रारी लावायच्या? माणसं आहोत आम्ही."

दुसऱ्या दिवशी पेटीत बारा चिठ्ठ्या निघाल्या. अकरांवर 'ताई फार चांगल्या आहेत' असं लिहिलेलं, त्यातल्या एकीवर फूलही काढलेलं. बारावीवर होतं, 'ताई नीट जेवत नाहीत.'

"अगं, याला तक्रार म्हणत नाहीत," ताई कपाळाला हात लावून म्हणाली. "तेवीस पानांत मायेला रकाना नाही."

"पगार उशिरा झाला, असं लिहू का?" इस्त्रीवालीने विचारलं.

"झालाय का?"

"छे. पण लिहायला काय जातंय?"

"खोटी नोंद चालत नाही. पान अकरा."

"कमाल आहे," मावशी म्हणाल्या. "खरी तक्रार नाही, खोटी चालत नाही. मग काय, आज दिवसभर आमचा छळ करणार आहेस?"

ताईने क्षणभर त्यावर विचार केला. पण कुठून सुरुवात करायची हे काही तिला सुचेना.

तपासणीच्या दिवशी कंपनीच्या बाई वेळेआधी हजर झाल्या. त्यांनी दाराची रुंदी मोजली, मशिनापासून दारापर्यंतची पावलं मोजली, पाण्याचा नळ सोडून पाहिला. मावशींना वय विचारलं, तर "तुम्हीच अंदाज करा" असं उत्तर मिळालं. मग पेटी उघडली. फुलाची चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"तुम्ही बाहेर थांबा," त्या ताईला म्हणाल्या. "मालकांसमोर कोणी बोलत नाही."

ताई जिन्यात जाऊन बसली. आता बारा मशिनं बंद पडणार, म्हणजे बारा बायका घरी बसणार, आणि तेही त्यांनी तिला चांगलं म्हटलं म्हणून. आतून आधी मावशींचा आवाज आला, आणि मग सगळ्याच एकदम बोलू लागल्या. वीस मिनिटांनी दार उघडलं.

"एक तक्रार नोंदवली आहे," बाई म्हणाल्या. "तक्रारदाराचं नाव गुप्त राहील."

"मीच केली," मावशी म्हणाल्या.

बाईंनी वाचायला घेतलं. "शिलाई वाकडी गेली की मास्तर तो कोट डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवायचे आणि तोंडाचा पट्टा सोडायचे. ताई एक शब्द बोलत नाहीत. वाकडा कोट गुपचूप उचलतात, कपाटाआड बसून स्वतः उसवतात, स्वतः शिवतात. आम्ही आता त्यांच्या कोणी नाही, असं वाटतं."

ताईला वाटलं होतं, ते कोणाच्या लक्षात आलेलं नाही. उसवताना कोणाशी बोलावं लागत नसे, एवढंच तिला त्यातलं आवडत होतं.

"छळ नाही, वेतन नाही, सुरक्षा नाही," बाई रकाने शोधत पुटपुटल्या. "सन्मानाची वागणूक, यात घालते. तुम्ही यावर काय करणार? तीस दिवसांची मुदत आहे."

ताई जवळच्या मशिनापाशी गेली. तिथल्या कोटाचा डावा खिसा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता. तिने तो सवयीने घडी घालून काखेत मारला, तशीच थांबली, मग घडी मोडून दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

"हे काय आहे?" ती ग्रंथालयातल्या आवाजात म्हणाली.

"ऐकू येत नाही," मावशी म्हणाल्या.

"हे काय आहे! एक खिसा वर, एक खाली! हा कोट घालून कोणी विमानात उभं राहिलं तर लोकांना वाटेल विमान कललंय!"

सगळ्या खो खो हसल्या. बटणवाली लाजून उभी राहिली. "माझाच आहे, ताई."

"मग काय वैमानिकाचा असणार? उसव! आत्ता, माझ्यासमोर!" ताईचा आवाज मध्येच फाटला, पण आता ती थांबायला तयार नव्हती. तिने शेजारचा कोट ओढला. "आणि ही कॉलर? हिचं एक टोक आखूड कोणी कापलंय?"

कापणारी तिथे एकच होती.

"तक्रार मागे घेते," मावशी बाईंना म्हणाल्या.

"आता नाही जमायचं," बाई म्हणाल्या. "नोंद झाली."