वाढलं

मित्रांनो, मी रक्तातली द्रव्यं मोजणारा एक जुना अ‍ॅनालायझर आहे. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, त्याच वर्षी मी तिथल्या तात्यापारा वस्तीतल्या एका छोट्या पॅथॉलॉजीत आलो. तिथले तंत्रज्ञ श्यामराव मला रोज मऊ फडक्यानं पुसायचे. "माझा गडी खोटं बोलत नाही," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मला त्याचा फार गर्व होता. आता तोच टोचतो.

एका वर्षी शहरात डेंग्यू पसरला. प्लेटलेट मोजायचं काम शेजारच्या मशीनचं, लॅक्टेट मोजायचं माझं. आजार बळावून शरीराला रक्त नीट पोहोचेनासं झालं की लॅक्टेट साठू लागतं. ताप उतरला असला, तरी हा आकडा धोका सांगतो. म्हणजे प्लेटलेट वाढल्या तर बरं आणि लॅक्टेट वाढलं तर वाईट.

भीमाबाईंची एकोणीस वर्षांची लेक अपर्णा तापानं पडली होती. भीमाबाई रोज रिपोर्टच्या खिडकीशी येऊन एकच विचारायच्या, "भैया, वाढलं का?" श्यामराव नुसती नकारार्थी मान हलवायचे. तीन दिवस प्लेटलेट कमीच होत गेल्या.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी लॅक्टेटही तपासायला सांगितलं. ते दोनच्या आत हवं होतं. माझ्या पडद्यावर साडेपाच आलं. बाहेर ही गर्दी! श्यामराव दुसऱ्या कुणाच्या दंडाला पट्टा बांधत होते.

"भैया, वाढलं का?"

"हव बाई, वाढलं. कागद डॉक्टरले दाखवजा."

श्यामरावांनी मान वर केली नाही. भीमाबाई मात्र चार दिवसांत पहिल्यांदा हसल्या. कागद इंग्रजीत होता. त्यांनी तो घडी करून पिशवीत टाकला. डॉक्टर संध्याकाळी बसतात, तेव्हा दाखवू, असं स्वतःशीच म्हणत त्या गोल बाजारात शहाळं घ्यायला गेल्या. आणि मी, इतका अचूक, टेबलावर गप्प बसून होतो.

संध्याकाळ व्हायच्या आतच अपर्णा गेली.

काही दिवसांनी भीमाबाई तोच कागद घेऊन आल्या.

"भैया, तुम्ही तर वाढलं म्हणले होते. मंग माही पोट्टी काहून गेली?"

श्यामराव खिडकीमागून उठून बाहेर आले. "बाई, ते प्लेटलेट नव्हतं. ते वाढणं वाईट होतं. मी सांगाले पाहिजे होतं. चुकलो मी."

बाईंनी आरडाओरडा केला नाही. कागदाकडे बघत म्हणाल्या, "तिचा ताप उतरला होता. हातपाय थंड लागले. मले वाटलं, आराम पडला. वाढलं म्हणून मी तिले झोपू देलं."

त्यानंतर श्यामरावांनी 'वाढलं' एवढंच कधी म्हटलं नाही. काय वाढलं, का वाढलं, आत्ता कुठं धावायचं, हे ते समोर उभं राहून सांगत. आज मी कपाटावर धूळ खात पडलो आहे. मला कुणी पुसलं नाही तरी चालेल. पण कुणी घाबरून काही विचारलं, तर हातातलं काम क्षणभर थांबवा आणि नीट सांगा.

त्या दिवशी माझा आकडा अगदी बरोबर होता, मित्रांनो. तो आईपर्यंत पोहोचलाच नाही.