शहाऐंशीच्या बॅचचे बूट

मेलेल्या माणसाच्या पायात बूट घालायचे नसतात, हे तिता नेनिंगनं मला सांगितलं तेव्हा मी तातायचं कपाट उघडून त्यांचेच बूट शोधत होते. ताताय म्हणजे माझे वडील, आणि तिता म्हणजे आत्या, त्यांची धाकटी बहीण.

"घातले तर घरभर चालताना ऐकू येतो माणूस," ती म्हणाली. "मला झोप लागायला हवी ना!"

म्हणून ताताय अनवाणी गेले. पण कपाटात मी जे पाहिलं ते माझ्या डोक्यातून जाईना. तिथं बुटांचे एकोणीस जोड होते. सगळे काळे, चामड्याचे, लेस बांधायचे, पॉलिश केलेले. तातायचा पाय तेरा नंबरचा. हे बारापासून पंधरापर्यंत होते. प्रत्येक जोडाच्या डाव्या बुटात एक चिठ्ठी, त्यांच्या बारीक अक्षरात. एखादं गाव, एखादं वर्ष आणि एक आकडा. "कालिबो, १९९४, २२." "रोहास, २००१, ०." शून्यंच जास्त होती.

मी कॉलेजात इतिहास शिकवते. अशी चिठ्ठी मला स्वस्थ बसू देत नाही. किंमत म्हणावी तर शून्य किमतीचा बूट कुठला? सामन्यातले गुण म्हणावेत तर चामड्याचे बूट घालून बास्केटबॉल कोण खेळतं?

"नाद, दुसरं काय," तिता म्हणाली. "लोकांचे भाऊ दारूच्या नादी लागले, आमचा पॉलिशच्या."

चाळीस दिवसांची प्रार्थना झाली. घर बंद करायचं होतं. चिठ्ठ्या मी एका पाकिटात ठेवल्या आणि बूट चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीला देऊन टाकले. ते मंगळवारी. गुरुवारी सकाळी तितो डेल्फिन, तातायचे जुने मित्र आणि माझे मानलेले काका, बाकोलोदहून बोटीनं आले, हातात एक मोठी रिकामी बॅग घेऊन.

तितो डेल्फिन सुमागायसाय हे नाव आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. शहाऐंशी सालच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे बास्केटबॉलचे व्यावसायिक संघ नवे खेळाडू क्रमानं निवडतात त्या दिवशी, ते चौथे निवडले गेले. त्या वर्षी बाराजण निवडले होते. त्यांनी लीगचा खेळच बदलला असं लोक अजून म्हणतात, आणि आजचे निम्मे प्रशिक्षक त्यांच्याच हाताखाली तयार झाले. बारावे, शेवटचे, माझे वडील. अकरा सामने खेळले, गुडघा गेला, गावी परत येऊन त्यांनी खिळे-रंगाचं दुकान टाकलं. बॅचच्या प्रसिद्ध फोटोत अकराचजण आहेत. दहा वर्षांची असताना मी विचारलं होतं. "मी बाथरूममध्ये होतो," ते म्हणाले. पुढं मोठी झाल्यावर मी ठरवून टाकलं की शेवटचा नंबर आल्याची त्यांना लाज वाटली असणार. मग परत विचारलं नाही.

"इंदाय, पोरी, पंधरा नंबरचे बूट काढून ठेव," तितो खुर्चीत बसता बसता म्हणाले. "आंतिके प्रांतातला पोरगा आहे, जोव्हानी. रविवारी ड्राफ्ट, उद्या जहाज. दुपारी येईल न्यायला."

"कशासाठी न्यायला?"

त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "तुला एमोंगनं, तुझ्या बापानं, काहीच सांगितलं नाही?"

"ते म्हणाले, बाथरूममध्ये होते."

"बाथरूम!" तितो इतके हसले की तिता स्वयंपाकघरातून डोकावली. "जिन्याखाली बसला होता तुझा बाप. अनवाणी. अगं, आमच्या दोघांत एकच जोड होता! त्या काळी मनिलाच्या दुकानात दहाच्या वर नंबर नाही. मारिकिनाच्या एका चांभाराच्या महिनाभर हातापाया पडलो, तेव्हा त्यानं एक जोड शिवून दिला. ठरलं असं, की नाव पुकारलं की मी आधी स्टेजवर जायचं, मागच्या जिन्यानं खाली यायचं, बूट त्याला द्यायचे."

"मग?"

"मग काय, मालकानं मला मिठीच मारली. टीव्हीवाले ओढून घेऊन गेले. मी हसतोय, बोलतोय, आणि बूट माझ्याच पायात." त्यांनी कप बाजूला सरकवला. "त्याचं नाव तीनदा पुकारलं. गैरहजर लिहिलं. दुसऱ्या दिवशी सही करायला गेला तेव्हा संघानं घेतला, तेही नशीब. मी माफी मागायला गेलो तर म्हणतो, डेल्फिन, पुढच्या वर्षी दोन जोड पाहिजेत."

पुढच्या वर्षी दोन झाले. मग बॅचमधला प्रत्येकजण आपापले बूट तातायकडे पाठवू लागला. बेटाबेटांवरची उंच पोरं ते घेऊन मनिलाला जात. चिठ्ठीवरचा आकडा म्हणजे त्या पोराचं नाव कितवं पुकारलं तो. शून्य म्हणजे पुकारलंच नाही.

लहानपणी आमच्याकडे दाराला डोकं आपटणारी अनोळखी माणसं यायची, कॉफी प्यायची आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवून जायची. मला ती विमा कंपनीची वाटत.

"तितो," मी म्हणाले, "बूट मी देऊन टाकलेत."

ते लगेच रिकामी बॅग उचलून उभे राहिले.

चर्चच्या सभागृहात मिसेस पालमारेस टेबलामागं बसल्या होत्या. बारा नंबरचे तीन जोड गेले होते. पंधरा नंबरचे समोरच मांडले होते आणि दोन मुली एकाच बुटात दोन्ही पाय घालून उभ्या होत्या.

"दान दिलेलं परत मागतेस?" मिसेस पालमारेस म्हणाल्या. "लोक काय म्हणतील? फादर काय म्हणतील?" मग त्यांनी मान वर केली, आणखी वर केली. "अरे देवा! डेल्फिन? शहाऐंशीचा?"

"तोच. आता नुसतं पोट राहिलंय."

"मला बाराही पाठ आहेत!" आणि त्या बोटांवर म्हणू लागल्या, प्रेषितांची नावं म्हणावीत तशी. अकरावर अडल्या. "शेवटचा तो... कोण बरं... जो आलाच नव्हता..."

"आला होता," मी म्हणाले. माझा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "आन्सेल्मो बातुंगबाकाल. हे सगळे बूट त्यांनी सांभाळलेत."

मिसेस पालमारेसनी माझ्याकडं पाहिलं, मग टेबलाकडं. "उतरा गं त्यातून," त्या मुलींना म्हणाल्या. "लेस काढून वेगळ्या विकायला ठेवल्यात. थांब, शोधते."

सोळा जोड परत आले.

जोव्हानी दुपारी आला. दारात वाकला तरी डोकं आपटलंच. बूट घालून तो उभा राहिला आणि लग्नातल्या नवरदेवासारखा अवघडला.

"नुसता उभा काय राहतोस? जिना चढ," तितो म्हणाले. "खाली बघू नकोस. फोटोत टाळूच येईल."

तो चढला, उतरला, परत चढला. बोटांकडं थोडे घट्ट होते. तितानं आत मेण चोळलं, ओला कागद कोंबून तासभर ठेवले आणि पुन्हा घालायला लावले.

"आणि नाव नाहीच आलं तर?" त्यानं विचारलं. तितोंना नाही, मला.

"तरी परत आणायचे. स्वतः. पोस्टानं नाही," मी म्हणाले. "साखर किती घेतोस कॉफीत?"

"तीन चमचे, मॅडम."

रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीवर ड्राफ्ट पूर्ण पाहिला. शेजारी तिता जपमाळ घेऊन बसली होती. पहिली फेरी संपली, दुसरी संपली. लोक सभागृहातून उठून जायला लागले. त्या बाराजणांच्या वेळीही शेवटाला एवढ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या असतील का, असा विचार मी करत होते, तेवढ्यात एकतिसावं नाव आलं. जोव्हानी.

कॅमेरा शोधत राहिला. एक क्षण, दोन क्षण. तिताची माळ थांबली. मग मागच्या रांगेतून तो उठला. पण पडद्यावर तो कमरेपर्यंतच दिसत होता.

"बूट दिसतायत का?" तितानं विचारलं.

"नाही."

"मग इतकी पुढं सरकून काय बघतेयस?"

"त्याची चाल," मी म्हणाले.

तो लंगडत नव्हता. पायऱ्या त्यानं खाली न बघता चढल्या.